पासष्ट किलोंची चूक

मी एका जागी बसत नाही. बसू शकत नाही, हे जास्त खरं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी लावलीय. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा कुठेतरी निघालेली असतेस. त्यामुळे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सतरा वर्षं ज्या कामात हाडं झिजवली ते सोडून मी गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आईने फक्त विचारलं की या वयात पुन्हा पहिलीत कशाला बसायचं. मी म्हटलं, पहिलीत नाही गं, बालवाडीत.

माझं जुनं काम थंडीचं. हेलियम इतका गार करायचा की त्याचं पाणी व्हावं, त्यात धातूचे बारीक तुकडे बुडवायचे आणि त्यांची वीज मोजायची. त्या कामात जे जे त्रास देतं त्याला झाकण असतं. उष्णता त्रास देते? एकात एक तीन भांडी घाला. बाहेरची वीज घुसते? तांब्याची पेटी करा. सतरा वर्षांत मी झाकणं करण्यात पटाईत झाले, आणि शेवटी शेवटी मोजायच्या आधीच मला उत्तर माहीत असायचं. माणसाला अजून काय हवं, असं लोक म्हणतील. मला मात्र जीव गुदमरायला लागला होता.

तेवढ्यात एका परिषदेत तोळामासा बोलले. हे आमचे आत्ताचे प्रमुख. वयाने साठीचे, अंगाने काडी, बारा महिने सर्दी, आणि जन्मभर धंदा वजनं मोजण्याचा, म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे तोळामासा म्हणतात. तोंडावर अर्थात सर. ते नाक पुसत पुसत एवढंच म्हणाले होते की गुरुत्वाकर्षणाला झाकण नसतं. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते आणि मधे काहीही ठेवलं तरी ते थांबत नाही. हे मला काय नवीन होतं? शाळेत शिकलेलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते उठेचना. तीन महिन्यांत मी राजीनामा दिला.

अट अशी होती: दोन वर्षं तात्पुरती नेमणूक. त्यात ठरलेलं मोजमाप पूर्ण करायचं. ते समितीला पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. जुन्या ठिकाणी माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलासुद्धा होता, म्हणजे मागचं दार बंद. आणि हे सगळं माझ्या एकटीचं नव्हतं. नवरा पियानो सुरात लावतो. जुन्या शहरात त्याचं दुकान होतं, वीस वर्षांची गिऱ्हाइकं होती. ती सोडून तो माझ्याबरोबर आला, आणि इथे त्याने स्वतःची हत्यारं खोक्यांतून काढलीच नाहीत. तू कायम झालीस की खोकी उघडेन, म्हणाला. दोनदा दुकान मांडायला माझ्यात दम नाही. तोवर तो एका वाद्यांच्या दुकानात विक्रेता म्हणून उभा राहायचा आणि घरी येऊन पाय चोळत बसायचा. आठ खोकी आमच्या बैठकीत भिंतीला लावलेली. जाता येता माझ्या पायाची करंगळी त्यांना आपटायची आणि मी त्यांच्यावर चिडायचे. खोक्यांवर चिडणं सोपं.

आता यंत्राविषयी थोडं सांगते, कंटाळू नका. केसाहून बारीक तारेला एक छोटी दांडी आडवी टांगलेली. तिच्या दोन बाजूंना टंगस्टनचे दोन जड गोळे, एका फिरत्या चकतीवर. गोळे दांडीला ओढतात, दांडी किंचित वळते. किती वळली ते मोजायचं, मग चकती फिरवून गोळे दुसऱ्या जागी न्यायचे आणि दांडी उलटी किती वळते ते बघायचं. तासभर पहिली जागा, तासभर दुसरी जागा. त्या दोन आकड्यांतल्या फरकातून गुरुत्वाकर्षण नेमकं किती जोरकस आहे ते निघतं. शाळेच्या पुस्तकात हा आकडा ऐटीत छापलेला असतो, पण खरं तर चार प्रयोगशाळा मोजतात आणि चार निरनिराळी उत्तरं देतात. इतका ओशाळा आकडा भौतिकशास्त्रात दुसरा नसेल.

म्हणून आमच्याकडे लिफाफ्याची पद्धत. गोळ्यांचं खरं वजन फक्त ते बनवणाऱ्या फिटरला माहीत. आम्हाला त्याने मुद्दाम थोडं बदललेलं वजन दिलेलं, आणि किती बदललं ते एका कागदावर लिहून लिफाफा लाखेने बंद करून स्वतःच्या हत्यारांच्या कपाटात ठेवलेला. कारण माणूस लबाड असतो. हवं ते उत्तर दिसलं की मोजणं थांबवतो. आपलं काम संपलं असं आपण जाहीर करायचं, मग समितीसमोर लिफाफा फोडायचा. एकदा फोडला की नंतर एक अक्षर बदलता येत नाही.

फिटर हा पन्नाशीचा, बुटका, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. पहिल्या दिवसापासून त्याने मला ‘थंडीवाल्या बाई’ असं नाव ठेवलं होतं. मी खोलीत शिरले की कोट चढवायचं सोंग करायचा.

नियम एकच, पण कडक: मोजणी चालू असताना यंत्राच्या खोलीत कुणी जायचं नाही. सगळे अंगणापलीकडच्या नियंत्रण कक्षात बसायचे आणि पडद्यावरची रेघ बघायचे. रात्री शेजारच्या कारखान्याचे हातोडे चालायचे, म्हणून मोजणी दिवसाउजेडी, सकाळी आठ ते सहा. दहा तास रेघ बघत बसायचं. बाकीचे बसायचे हो. तोळामासा तर असे बसायचे की नाक पुसलं नाही तर पुतळाच. मला दहा मिनिटांत मुंग्या यायच्या.

शिवाय मला यंत्र कानाने कळतं. हेलियमच्या कामात पंपाचा आवाज जरा बदलला की समजावं, काहीतरी गळतंय. इथेही पहिल्याच आठवड्यात चकती पहिल्या जागेवर येताना एकदा अडकली होती, कुरकुरली होती. तेव्हापासून दर वेळी गोळे पहिल्या जागी यायला निघाले की मी अंगण ओलांडून यंत्राच्या खोलीमागच्या बोळात जायचे, भिंतीला खांदा टेकून कान लावायचे. नीट बसली का चकती? बसली. तरी पंधरा वीस मिनिटं तिथेच रेंगाळायचे, कारण कक्षात जाऊन पुन्हा बसायचं जिवावर यायचं. मग चहा. दुसऱ्या जागेवर जाताना चकती कधीच अडकली नाही, तेव्हा मी कक्षात असायचे किंवा बिस्किटं खात हिंडायचे. खोलीत मी पाऊल टाकत नव्हते. नियम मोडला असं कुणी म्हणू शकलं नसतं.

पहिल्या महिन्यातच रेघेत एक खोड दिसली. गोळे पहिल्या जागी आले की सुरुवातीची वीसेक मिनिटं रेघ जरा वर उचललेली असायची, मग खाली यायची. अगदी लहानसा उंचवटा. सगळ्यांनी डोकं खाजवलं. मी मात्र तो पाहिल्याबरोबर ओळखला. उष्णता! पहिल्या जागी येताना चकती जड चालते, म्हणून तेव्हाच तिची मोटर तापते, तिची ऊब तारेपर्यंत पोचते, मग निवते. सतरा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? ऊब किती, निवते कशी याचं गणित मांडलं आणि तेवढं पहिल्या जागेच्या प्रत्येक तासातून वजा केलं. रेघ सरळ झाली. मधे मला फ्लू झाला, मी चार दिवस घरी होते, आणि त्या चार दिवसांत उंचवटा दिसलाच नाही. तर त्याचंही कारण मी परत आल्यावर शोधून काढलं. त्या आठवड्यात इमारतीचा हीटर बिघडला होता ना! थंडीमुळे मोटर तापली नसणार. तोळामासा कुणाचं कधी कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, ‘बरं आहे.’ हे मी नवऱ्याला त्या संध्याकाळी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला की आता चौथ्यांदा सांगितलंस तर खोकी उघडतो.

पाच महिने मोजलं. काम संपल्याचं जाहीर केलं. समितीचे चार जण येणार, लिफाफा फुटणार, तो दिवस ठरला.

आदल्या दिवशी सकाळी फिटर बोळात रंगाचा डबा घेऊन उभा होता. पाहुणे येणार म्हणून त्याला भिंती स्वच्छ करायला लावलं होतं, आणि फिटरकडून रंगकाम करून घेतात याचा राग त्याच्या तोंडावर मावत नव्हता. मी नेहमीसारखी भिरभिरत तिथे पोचले. त्याने ब्रशने भिंतीकडे बोट दाखवलं. पांढऱ्या रंगावर खांद्याच्या उंचीला तळहाताएवढा मळकट डाग होता, चांगला गुळगुळीत झालेला, आणि खाली बुटाच्या टाचेच्या खुणा.

‘इथे कोण रोज येऊन टेकतं, थंडीवाल्या बाई? आधी साबणाने घासायला लागतंय मला.’

मी हसले. म्हटलं, मीच ती. आणि हसता हसता माझं लक्ष भिंतीवरून पलीकडे गेलं. म्हणजे दिसत काही नव्हतं, पण पलीकडे काय आहे ते मला पाठ होतं. या डागापासून दांडी सव्वा मीटरवर. गोळे वीस किलोंचे. मी बासष्ट.

गुरुत्वाकर्षणाला झाकण नसतं, या एका वाक्यासाठी मी घरदार हलवलं होतं, आणि एका विटेच्या भिंतीला झाकण समजून पाच महिने तिच्याआड उभी राहिले होते. दर पहिल्या जागेला वीस मिनिटं. दुसऱ्या जागेला कधीच नाही. फ्लू झाला तेव्हा चार दिवस नाही. तो उंचवटा मोटरचा नव्हता. उष्णतेचं ते सुंदर गणित, ते ‘बरं आहे’, सगळं माझ्या देहाचं होतं. मी गुरुत्वाकर्षण मोजत नव्हते, मी स्वतःला वजा करत होते, आणि तेही चुकीच्या पद्धतीने. ऊब हळूहळू निवते, म्हणून माझं गणित तासभर थोडं थोडं वजा करत राहायचं. मी मात्र विसाव्या मिनिटाला चहाला गेलेली असायचे.

फिटरला तिथेच सोडलं. अंगणात गेले. चार चकरा मारल्या, पाचवी मारली. खोटं कशाला सांगू, पहिला विचार कोणता आला? तासाभरात या डागावर रंग बसेल. उंचवटा तर मी काढूनच टाकला आहे, रेघ सरळ आहे, सरांनी मान्य केलेली आहे. उत्तर चुकलं असेल तरी कितीसं चुकलं असेल? हजारात एक? चार प्रयोगशाळांची चार उत्तरं आहेतच, त्यात आमचं पाचवं. उद्या लिफाफा फुटेल, मी कायम होईन, आठ खोकी उघडतील. नवरा पुन्हा दुकानात पियानोच्या पोटात डोकं घालून बसेल, जसा तो वीस वर्षं बसायचा. कुणाचं काय बिघडतं?

मी नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं, ते गणित वगैरे त्याला कळेल तेवढं. फोनमधून दुकानातला कुणीतरी वाजवून बघत असलेला पियानो तेवढा ऐकू येत होता. मला त्याचा असा राग आला. अरे बोल ना काहीतरी. मग त्याने विचारलं, ‘सूर लागलेला नसताना गिऱ्हाइकाला लागला म्हणून सांगायचं, असं विचारतेयस का?’

मी म्हटलं, हो. तसंच विचारतेय.

तो म्हणाला, ‘मग मला का विचारतेस?’ आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून त्याने फोन ठेवला.

मी फिटरकडे धावत गेले आणि डागाला हात लावू नको म्हणून सांगितलं. तोवर त्याने दोन्ही बाजूंची भिंत रंगवली होती, डाग तेवढा राहिला होता. मग सरांच्या खोलीत गेले. सांगताना माझा आवाज चिरका झाला होता, एक वाक्य दोनदा बोलले. तोळामाशांनी सगळं ऐकलं, नाक पुसलं आणि विचारलं, ‘मोटर बंद ठेवून बघितलंत?’

नव्हतं बघितलं. ते उठले. त्यांना एवढ्या झटकन उठताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी बारा ते चार. मोटर बंद, गोळे स्थिर. मी बोळात वीस मिनिटं, मग अंगणापलीकडे वीस मिनिटं, असं सहा वेळा. उष्णता असेल तर रेघ हलणार नाही. मी असेन तर हलेल. सरांनी बजावलं होतं, उभं राहायचं तर खांबासारखं, कारण हललात तर काही कळणार नाही. मी डागाला खांदा लावून उभी राहिले. आयुष्यात इतकी कधी उभी राहिले नाही. पाचव्या मिनिटाला नाकाला खाज, सातव्या मिनिटाला गुडघ्यात कळ, दहाव्याला वाटलं ओरडत बाहेर पळावं. ताज्या रंगाच्या वासाने डोकं भणभणत होतं. पलीकडे, सव्वा मीटरवर, ती दांडी माझ्याकडे वळत असेल की नसेल? मी मनात म्हणत होते, नको वळूस बाई. एवढं एक ऐक माझं, वळू नकोस.

चार वाजता कक्षात गेले. पडद्यावर सहा उंचवटे होते, एकसारखे, शेजारी शेजारी. मी ज्या ज्या वेळी उभी होते त्या त्या वेळी. सरांनी कागदावर आकडेमोड केली, दांडी किती वळली यावरून भिंतीमागे किती वजन होतं ते काढलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘तुम्ही बासष्ट म्हणालात.’

‘बासष्टच आहे.’

‘पासष्ट येतंय.’

फिटरने मला माल तोलायच्या काट्यावर नेऊन उभं केलं. पासष्ट किलो दोनशे ग्रॅम. पाच महिन्यांची बिस्किटं. फिटर हसायला लागला, मग सर हसायला लागले, आणि मी तिथे काट्यावर उभी राहून रडले. यंत्र इतकं नेकीचं होतं की विटेच्या भिंतीतून त्याने माझं खरं वजन सांगितलं, आणि त्याच यंत्राच्या तोंडी मी पाच महिने खोटं घातलं होतं.

मोजणी बाद. मी बोळात कधी गेले, कधी निघाले, याची कुठेच नोंद नव्हती, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्नच नाही. सर म्हणाले की समितीला कारण सांगावं लागेल, आणि तुमच्या नेमणुकीबद्दल मी शब्द देऊ शकत नाही. हवं तर समितीला ते मीच सांगतो, असंही म्हणाले. मी म्हटलं, नको. उभी मी राहिले होते.

दुसऱ्या दिवशी समितीचे चार जण रांगेत बसले. टेबलावर लिफाफा, लाखेसकट. मी पडद्यावर पाच महिन्यांतली एक रेघ लावली, दुरुस्ती न केलेली. एका सदस्यबाईंनी चष्मा पुढे ओढून विचारलं की सुरुवातीचा हा उंचवटा कशाचा आहे.

‘ती मी आहे,’ मी म्हटलं.

मागून फिटरचा आवाज आला, ‘पासष्ट किलो दोनशे.’ कुणी हसलं नाही. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, उष्णतेच्या गणितासकट. सांगून झाल्यावर खुर्चीत बसले. त्यांनी तासभर प्रश्न विचारले. तो तासभर मी उठले नाही.

कायम केलं नाही. पाच महिने दिले, मोजणी पहिल्यापासून. नंतर बघू म्हणाले. लिफाफा फिटरच्या कपाटात परत गेला. बोळाला आता कुलूप आहे. आत भिंतीवर तो डाग तसाच आहे, फिटरने त्याभोवती पेन्सिलीने चौकट आखून आत तारीख आणि वजन लिहिलंय.

त्या संध्याकाळी घरी जाताना वाटभर वाक्य जुळवत होते. नवऱ्याला काय सांगायचं, कसं सांगायचं. दार उघडलं तर बैठकीत चालायला जागा नव्हती. आठही खोकी फोडलेली, जमिनीवर हातोड्या, तारांची वेटोळी, कानसा, आणि मधे तो मांडी घालून बसलेला, एकेक हत्यार फडक्याने पुसत.

मी म्हटलं, अरे, लिफाफा नाही फुटला.

तो म्हणाला, कळलं मला तुझ्या तोंडावरून, आणि जरा सरकून त्याने मला बसायला जागा केली. मी बसले.